उपास कुणी धरायचा

मुक्काम डीसा, गुजरात
बोअरच्या गाडीवरनं
५ ऑक्टोबर १९७३

बया आत्यास केरबाचा सलाम.

पत्र बघून दचकू नगंस. मी जिता हाय, तुरुंगात न्हाय, आणि काय मागायलाबी लिहीत न्हाय. म्हंजे मागायचं हाय, पण पैसं न्हाय.

आबांचं पत्र आलंय. आबा मला कवा लिहीत न्हाईत. मी चौथीतनं शाळा सोडली, मग गुऱ्हाळ सोडलं, मग शिरोलीतला लेथ सोडला, तवापासनं त्यांनी मला सोडलंय. तरी लिहिलंय म्हंजे गोष्ट मोठी असंल म्हणून हातातलं काम टाकून फोडलं.

माझ्या भनीला, आपल्या चिमणीला, भूत लागलंय म्हणत्यात. विहिरीवर पाणी भरताना धरलं, गेल्या आवसेच्या सुमाराला. पडती, दातखीळ बसती, तोंडाला फेस येतो. मलकापूरकडं गावोगाव वचन सांगत हिंडणारे कोण कृष्णात सुवार्तिक हायत, ते येशूच्या नावानं भुतं काढत्यात. त्यांनी आबांना सांगितलंय, ‘हा प्रकार उपासाशिवाय निघत न्हाय, शास्त्रातच लिहिलंय.’ म्हणून आबांनी चिमणीला एक वेळच्या पेजेवर ठेवलीय. येत्या आवसेच्या आधी दोन दिवस तिला आतल्या खोलीत कोंडायची, पाणीसुदिक द्यायचं न्हाय, आणि आवसेला सुवार्तिक येऊन मिरच्यांची धुरी देऊन काढणार.

आत्या, ती पोरगी आधीच वैरणीच्या काडीगत हाय. भूत असलंच तर निघू दे बापडं. पण ती मेल्यावर निघून काय उपयोग?

तुझं आमच्या घरी येणंजाणं बंद हाय ते मला ठाऊक हाय. चार वर्सामागं त्या दिवशी मी येशूच्या देवळात मागच्या बाकावर हुतो की. आबा देवळाच्या मंडळीचे वडील, पुढं उभं राहून वचनाचा अर्थ सांगत हुते, आणि तू बायकांच्या बाजूनं उठलीस, ‘आकाराम, मागची दोन वाक्यं गिळलास बघ.’ सगळं देऊळ हसलं. बारका भाऊ झाला तरी चारचौघांत बोलायचं न्हवतंस. पण तू खरं बोललीस, हे घरी येताना आबाच मला म्हणाले. तुला कुणी सांगितलं नसंल, म्हणून सांगतो.

तू बायबलबाई. उभा जन्म खांद्याला पिशवी अडकवून वाडीवाडीच्या बायकांना शास्त्र शिकवत हिंडलीस. मला एवढंच सांग, शास्त्रात खरंच तसं हाय का?

मी हितं फार दिवस न्हाय. कांडला बंदरावर जहाजाची कामं निघाल्यात, एक माणूस वळख काढतोय. तरी जवाब ह्याच पत्त्यावर धाड.

तुझा केरबा

*

डीसा
१५ ऑक्टोबर १९७३

बया आत्यास सलाम.

तुझं कार्ड मिळालं. खुशाली न्हाय, आशीर्वाद न्हाय. ‘मार्क, नववा अध्याय, चौदापासनं एकोणतीसपर्यंत. मोठ्यानं वाच. कोण कुणाला काय म्हणालं तेवढं कळव. अर्थ सांगू नगंस.’ भाचा रडतोय आणि तू धडा दितीस. तुझ्या वर्गातल्या बायका तुला का भीत हुत्या ते आता कळलं.

तू दिलेलं बायबलाचं बारकं पुस्तक पेटीच्या तळाला हुतं. फडक्याची गाठ तुझीच, अजून सोडलेली नव्हती. खोटं का बोलू?

काल बोअरचा पाईप अडकला, काम बंद. गाडीच्या सावलीला बसून मी वाचाय लागलो. संगट दोघं असत्यात. चमन डायवर, हातकणंगल्याचा, त्याचा रमजानचा रोजा चाललाय. आणि बाळासो, मशिनीवरचा मुख्य माणूस, शेतकऱ्याचा पोरगा, त्याच्या आजीच्या अंगात यायचं.

मी अक्षराला अक्षर जोडत चाललो तर चमन म्हणतो, “अरे केरबा, किती वेळ पहिल्या गेरात चालवणार? घाट संपला, गेर बदल.”

“गप की. देवाचं हाय.”

“देवाचंच हाय म्हणून म्हणतोय. लवकर सांग, पोरगं बरं झालं का न्हाय?”

आत्या, तुला कळवायचं ते असं. एका बापानं पोराला आणलं. पोरगं पडतं, फेस येतो, दात खातं, कधी विस्तवात पडतं, कधी पाण्यात. शिष्यांनी काढायला बघितलं, त्यांच्यानं झालं न्हाय. मग येशू आला. त्यानं आधी काय केलं? मला वाटलं दटावलं असंल. न्हाय. आधी बापाला इचारलं, ह्याला असं कवापासनं हुतंय? दवाखान्यात इचारत्यात तसं. बाप म्हणाला, बारकं असल्यापासनं.

हितं मी जरा थांबलो. बाळासो म्हणाला, “काय झालं रं?” मी म्हणालो, डोळ्यात माती गेली.

का थांबलो ते मी लिहिणार न्हाय. चिमणीचं लगीन व्हायचंय म्हणून आबांनी आम्हां सगळ्यांना शपथ घातलीय. पण तुलाबी ठाऊकच हाय, मग तुला लिहिलं तर शपथ मोडत नसावी. ती दीड वर्साची हुती. तापात पहिल्यांदा आकडी आली. तवापासनं येती. मी तिचं डोकं मांडीवर धरायचो आणि आई चूल झाकायची, कारण एकदा हात भाजला हुता. विहिरीचं काय ते आत्ताचं हाय. औंदा ती विहिरीवर चार बायकांसमोर पडली, एवढंच नवीन.

पुढं वाचलं. येशूनं दटावून काढलं, पोरगं मेल्यागत पडलं, त्यानं हाताला धरून उठवलं. मग ते सगळे घरात गेले, तवा शिष्यांनी एकट्यात इचारलं, आमच्यानं का निघालं न्हाय? तवा तो म्हणाला, हा प्रकार प्रार्थनेनं आणि उपासानंच निघतो.

बाळासो उठून बसला. “थांब. ह्ये कुणाला म्हणाला?”

“शिष्यांना.”

“आणि पोरगं कुठाय?”

“पोरगं... गेलं असंल की बापासंगं.”

“मग! ज्याला आजार, ते पोरगं तिथं न्हायच. उपास त्या काढणाऱ्यांस्नी सांगितलाय गड्या. तुझा सुवार्तिक स्वतःचा उपास तुझ्या भनीवर ढकलतोय.”

आत्या, मी परत वाचलं. परत वाचलं. खरंच तसंच हाय की गं.

बोअर मारताना दहा फुटाला ओला चिखल आला की शेतमालक नाचाय लागतो, पाणी लागलं म्हणून. बाळासो मूठभर चिखल घेतो, पण त्यावरनं बोलत न्हाय. वरच्या थराचा काढलेला बघतो, खालचा येऊ देतो, मग बोलतो. तू देवळात ‘मागची दोन वाक्यं’ म्हणाली हुतीस, ते मला काल कळलं. तवा मीबी हसलोतो, पण आबांची फजिती झाली म्हणून.

चमन सगळ्यात शेवटाला बोलला. ओठ कोरडं पडलं हुतं त्याचं. “आमच्यात आजाऱ्याला रोजा माफ असतो. तुमच्यात आजाऱ्यालाच धराय लावत्यात व्हय?”

हा सवाल तुलाच धाडतोय. जवाब आला तर कळव.

केरबा

*

डीसा
२२ ऑक्टोबर १९७३
चमनच्या हाती

बया आत्या,

तुझं दुसरं कार्ड आज आलं. ‘बरोबर वाचलंस. बाळासोला शाबासकी दे. पण आकाराम मला दारात उभं करायचा न्हाय, आणि माझं गुडघं आता एसटीची पायरी चढत न्हाईत. पत्रानं समजाव.’

पत्रानं कसं समजावू? मी लिहिलं तर आबा म्हणतील, चौथी नापास मला शास्त्र शिकवतोय. आणि टपाल आवसेच्या आत पोचायचं न्हाय. परवापासनं चिमणीला कोंडणार. शुक्रवारी आवस.

हे पत्र घेऊन आलाय तोच चमन. ईदला घरी निघालाय, गाडीत बसायच्या आधी मी त्याला तुझं घर समजावलं, कोडोलीत पिंपळाच्या अलीकडं, दाराला निळा रंग. तो तुला उचलून एसटीत बसवील. बांबवड्याला गाडी बदलायची. त्याला लाजू नगंस, तो पन्नास किलोचं पाईप उचलतो, तू काय मोठी हाईस?

आत्या, मी लई जणांना बघितलंय शास्त्र हातात धरलेलं. आबा धरत्यात ते काठीगत. सुवार्तिक धरत असंल ते तलवारीगत. तू धरायचीस तवा वाटायचं, बाईनं तान्हं पोर धरलंय, मान सावरून. मला शाळेतलं काय आठवत न्हाय, ते आठवतंय. म्हणून तूच जा.

चमन तुला सांगंल की केरबा जेवत न्हाय. ऐकू नगंस. हितलं पाणी खारं हाय, पोट बिघडलंय. बाकी काय न्हाय.

कांडल्याच्या माणसाचा होकार आलाय. पुढच्या म्हैन्यात जहाजावर नाव लागंल म्हणतो. अरबस्तानापर्यंत जातंय म्हणे. हितं मन लागत न्हाय. कुठंच लागत न्हाय, तुला ठाऊक हाय.

जा आत्या. पाया पडतो.

केरबा

*

डीसा
५ नोव्हेंबर १९७३

बया आत्यास तिच्या भाच्याचा, बाळासोचा आणि चमनचा सलाम.

चमन परवा आला. ईदचा शिरखुर्मा डब्यातनं आणला हुता, तो आंबला, पण त्यानं आणलेली बातमी ताजी हुती. त्यानं तीनदा सांगितली, आम्ही तीनदा ऐकली. आता मी तुला लिहितोय ते खरं का खोटं बघ, कारण चमन मीठमसाला लावण्यात पटाईत हाय.

तो म्हणतो, एसटीत तू वाटभर एक शब्द बोलली न्हाईस. त्यानं इचारलं, “मावशी, भांडायची तयारी चाललीया काय?” तू म्हणालीस, “भांडायचं न्हाय म्हणून तयारी चाललीया. भांडायला कसली तयारी लागती?”

घरात पाऊल टाकलं तर तांबड्या रश्श्याचा वास. पाटावर सुवार्तिक बसलेले, पुढ्यात ताट, कोंबडी, पांढरा रस्सा वाटीत. आबा वाढत हुते. आतल्या खोलीला बाहेरनं कडी. खापरीत निखारे आणि शेजारी वाळल्या मिरच्या. चमन म्हणतो, मी चपला हातातच ठेवल्या, म्हटलं आता मार बसतोय, पळायला बरं.

आबा म्हणाले, “तू कशाला आलीस?”

“जेवाय न्हाय आले, भिऊ नगंस. आकाराम, उपास कुणाचा हाय?”

“पोरीचा.”

“आणि ताट कुणाचं?”

सुवार्तिकांचा घास हातातच राहिला.

मला वाटलं, आता आत्या सुटणार. देवळातल्यागत धुऊन काढणार सगळ्यांना. पण तू खाली बसलीस, गुडघा धरून, आणि म्हणालीस, “मी शिकायला आले. तू मंडळीचा वडील हाईस. तो उपासाचा भाग वाचून दाखव, पहिल्यापासनं. मागचं गिळू नगंस.” आणि शेवटचं म्हणताना हसलीस. चमन म्हणतो, आबाबी हसायला आले हुते, पण आवरलं.

आबांनी वाचलं. येशू बापाला इचारतो तिथपर्यंत आले आणि थांबले.

“वाच की.”

“दिसत न्हाय.”

“चष्मा डोळ्यावर हाय.”

“दिसत न्हाय म्हटलं न्हवं, आक्का.”

आत्या, आबांनी तुला आक्का म्हणून किती दिवस झाले हुते?

मग तू पुस्तक त्यांच्या हातनं घेतलं न्हाईस. तसंच राहू दिलंस. “येशूनं त्या बापाला इचारलं तेच मी तुला इचारते. चिमणीला हे कवापासनं हुतंय?” तुला ठाऊक असून इचारलंस. तू सांगून टाकलं असतंस तर पुन्हा चार वर्सं दार बंद झालं असतं. तू आबांच्याच तोंडातनं काढलंस. चमनला ह्यातलं काय कळलं न्हाय, पण मला कळलं, आणि मी बाळासोच्या बाजूला तोंड करून बसलो.

आबा म्हणाले, “दीड वर्साची असल्यापासनं.” आणि मग म्हणाले, “मी काय करू? ‘बारकेपणापासनं आकडी’ म्हटलं तर पोरीला सून कोण करून घेईल? भूत म्हटलं की निघाल्यावर संपतं तरी.”

सुवार्तिक म्हणाले, “आकारामपंत, मला तर तुम्ही विहिरीवरचं म्हणून सांगितलं!” चमनच्या मते माणूस वाईट न्हाय. दारूत बुडालेला हुता, प्रार्थनेनं सुटला, तवापासनं त्याला वाटतंय जे मला झालं ते सगळ्यांना व्हावं. त्यानं तुला इचारलं, “म्हंजे बाई, तुम्ही भूत न्हायच म्हणता? शास्त्र खोटं?”

तू म्हणालीस, “शास्त्र खोटं म्हणायला मी जन्म घातलाय काय त्यात? त्या काळी माणसं ह्या दुखण्याला त्याच नावानं वळखायची, त्याच नावानं लिहून ठेवलंय. नावावरनं मी भांडत न्हाय. तुम्ही भूत म्हणा, मी फेफरं म्हणते. पण येशूनं कुणाला उपाशी कोंडलं, कुणाच्या नाकात धूर घातला, कुणाला काठी हाणली, अशी एक ओळ दाखवा. चारी शुभवर्तमानं उघडा. मी हितंच बसलेय, सावकाश हुडका.”

ते हुडकाय लागले म्हणे! खरंच पानं उलटाय लागले. उजवा हात खरकटा, म्हणून डाव्या हातानं. रस्सा गार झाला. मग तू त्यांना उपासाचं वाक्य कुणाला सांगितलंय ते वाचायला लावलंस. त्यांनी ते दोनदा वाचलं. ताट पुढं सरकवलं, उठले, ती निखाऱ्याची खापरी स्वतः उचलून अंगणात नेऊन पालथी केली. “बाई,” म्हणाले, “लोक म्हणत्यात काढा, मी काढतो. कवापासनं हुतंय हे कुणाला इचारायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं. आता उपास माझा.”

कडी आबांनीच काढली. चिमणी कोपऱ्यात हुती. तू आत गेलीस, तिला हाताला धरून उठवलंस आणि सुवार्तिकांच्या वाटीतला पांढरा रस्सा तिला घोटघोट पाजलास. इथं चमन तिन्ही वेळा रडला, म्हणून हे खरंच असणार.

मग आबांनी तुला इचारलं, “आक्का, तू जेवलीस का?” आणि तू म्हणालीस, “मी कशी जेवू? माझाबी उपास हाय. केरबाचं पहिलं पत्र आल्यापासनं एक वेळच खातेय.”

आत्या, ती एक वेळ तू मला कळवली न्हाईस. कार्डावर जागा हुती.

दुसऱ्या दिवशी आबा चिमणीला मिरजेच्या दवाखान्यात घेऊन जाणार, एवढं ठरेपर्यंत चमन थांबला. पुढचं तू लिही. गोळ्या मिळाल्या का? आकडी थांबली का? आबा तुला परत आक्का म्हणाले का?

केरबा

ता. क. तुझ्यागत माणूस मी बघितला न्हाय. तोंडावर बोललो असतो तर तू ‘गप बस’ म्हणाली असतीस, म्हणून लिहितोय.

*

डीसा
२१ नोव्हेंबर १९७३

बया आत्यास केरबाचा सलाम.

कार्ड काल मिळालं. आकडीची गोळी रोज सकाळी, न चुकता, किती वर्सं ते माहीत न्हाय. मिरजेला जाऊन आल्यापासनं एकदाच आकडी आली, तीबी बारकी, हे वाचून मी पाईपवर बसून ऱ्हायलो. डॉक्टरनंसुदिक पहिलं हेच इचारलं, कवापासनं? आणि आबांनी न चाचरता सांगितलं. लग्नाचं काय हुईल ते हुईल म्हणाले. हे तर आकडी थांबल्यापेक्षा मोठं झालं.

कोपऱ्यात चिमणीनं स्वतः लिहिलंय ती ओळ मी बाळासोला वाचून दाखवली. ‘दादा मी रोज दोन वेळ जेवते आणि आत्या आमच्याकडंच हाय आणि आबा रोज वाचत्यात आणि आत्या रोज मधी बोलती.’ बाळासो म्हणाला, आता तुझ्या घरात खरं भूत शिरलं, ते निघायचं न्हाय.

आणि खाली तुझ्या अक्षरात, ‘मार्क, पाचवा अध्याय. अठरा, एकोणीस, वीस. आधीचं सगळं वाचून मग.’ बस्स. का, कशाला, काय न्हाय.

मी पहिल्यापासनं वाचलं. थडग्यांत ऱ्हाणारा माणूस. रात्रंदिवस डोंगरांत ओरडत फिरायचा, कुठं ठरायचा न्हाय, साखळ्या घातल्या तर तोडायचा. साखळ्या गावानं घातल्या, येशूनं न्हाय, हे मी आता तू न सांगता बघितलं. येशूनं त्याला नाव इचारलं. नंतर गावकरी येऊन बघत्यात तर तो कपडे घालून बसलेला. आत्या, तो बसला. सगळ्या गोष्टीत पहिल्यांदा तो बसलाय.

मग तुझी अठरावी ओवी. येशू मचव्यात चढत हुता. तो माणूस इनवण्या कराय लागला, मलाबी संगं घ्या. आणि येशूनं त्याला मचव्यात घेतलं न्हाय. म्हणाला, घरी जा, तुझ्या माणसांकडं, काय झालं ते त्यांना सांग.

मी चमनला वाचून दाखवलं. तो गाडीखाली पडून नट आवळत हुता. तिथनंच म्हणाला, “जहाजाचं बोलती व्हय मावशी?”

मी म्हणालो, शास्त्राचं बोलती.

“तेच की रं. मावशीनं तिकडं तुझ्या घरात बसून तुझं भूत काढलं, न धुरी, न मिरची. आता गप जा.”

कांडल्याच्या माणसाला मी जहाज सोडलं म्हणून कळवलंय. लिहायला बसलो तर दोनच ओळी लागल्या. न्हायतर सोडताना माझ्या नेहमी लई ओळी हुत्यात.

ह्या बोअरला पाणी लागलं की हिशेब करून निघतो. बाळासो म्हणतो थर बदललाय, आता लांब न्हाय. आबांना सांग, केरबा यायलाय, आणि त्यांनी वाचताना मला मधी बोलू द्यावं. चिमणीला सांग, गोळी चुकवलीस तर डोकं मांडीवर घ्यायला मी हायच, पण चुकवू नगंस.

आणि आत्या, तू इचारलं न्हाईस, तरी सांगतो. चमननं तुला सांगितलं ते खरं हुतं. चिमणीनं रस्सा पिला ही बातमी येईपर्यंत मी एक वेळच खात हुतो. उपास कुणी धरायचा ते पुस्तकात वाचल्यावर मला काय दुसरं सुचलं न्हाय.

आता पोट बरं हाय. मी येईन त्या दिवशी कोंबडी कर, पांढरा रस्सा जास्त, आणि सुवार्तिकांनाबी बोलव. त्यांचं ते ताट अर्धंच ऱ्हायलंय.

तुझा
केरबा